स्लॅलम वॉटर स्कीइंग : सरावासाठी दोरी किती आखूड असावी?

वॉटर स्कीइंगमधील स्लॅलम हा प्रकार काठावरून पाहणाऱ्याला वेगाचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात तो दोरीच्या लांबीचा खेळ आहे. बोटीचा वेग ठरावीक मर्यादेपर्यंत वाढवला जातो आणि तेथे थांबतो. त्यापुढील सारी चुरस दोरी टप्प्याटप्प्याने आखूड करण्यावर चालते. बोटीच्या मार्गापासून ११.५ मीटर दूर असलेल्या तरंगत्या बोयाला बाहेरून वळसा घालायचा असतो आणि अव्वल दर्जाच्या स्पर्धकाच्या हातातील दोरी असते १०.२५ मीटरची. म्हणजे दोरी बोयापर्यंत पोहोचतच नाही. उरलेले सव्वा मीटर अंतर स्पर्धकाला आपला हात आणि पाण्याकडे झुकवलेले शरीर यांच्या बळावर भरून काढावे लागते.

त्यामुळे दोरी जितकी आखूड तितका खेळाडू मोठा, हे समीकरण या खेळात रूढ झाले आहे. स्पर्धेपुरते ते खरेही आहे. मात्र तेच समीकरण सरावाला लावले, की घोटाळा होतो. रोज आपल्या आवाक्याबाहेरच्या दोरीशी झुंजणारा खेळाडू मेहनत भरपूर करतो, पण त्या मेहनतीतून त्याच्या अंगवळणी पडतात त्या चुकाच. सरावासाठी कोणती दोरी घ्यावी, एका सेटमध्ये किती फेऱ्या माराव्यात आणि त्या कोणत्या क्रमाने माराव्यात, या प्रश्नांना म्हणूनच या खेळात तंत्राइतकेच महत्त्व आहे.

खेळ आणि त्याचे मैदान

वॉटर स्कीइंगचा प्रारंभ १९२२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. लेक सिटी या गावातील राल्फ सॅम्युअलसन या तरुणाने लेक पेपिन या सरोवरावर पायाला लाकडी फळ्या बांधून बोटीमागे उभे राहण्यात यश मिळवले. १९३६ मध्ये फ्लोरिडातील विंटर हेवन येथे सुरू झालेल्या सायप्रेस गार्डन्सने पुढे आपल्या कार्यक्रमांतून या खेळाला लोकप्रियता मिळवून दिली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९४९ मध्ये फ्रान्समधील ज्वाँ-ले-पँ येथे भरली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये वॉटर स्कीइंगला प्रात्यक्षिक खेळाचे स्थान मिळाले होते. आजही मध्य फ्लोरिडातील सरोवरे ही या खेळाची पंढरी मानली जाते. तेथील स्की प्रशालांमध्ये शिकवणीचा हिशेब तासांवर नव्हे, तर सेटवर होतो.

स्लॅलमचे मैदान म्हणजे पाण्यावर बोयांनी आखलेला २५९ मीटर लांबीचा सरळ पट्टा. त्याच्या दोन्ही टोकांना बोयांचीच दारे असतात. बोट मधल्या अरुंद मार्गाने सरळ जाते. स्कीपटू मात्र दारातून आत शिरल्यावर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे सहा बोयांना बाहेरून वळसे घालत दुसऱ्या दारातून बाहेर पडतो. पहिला बोया दारापासून २७ मीटरवर, पुढील प्रत्येक बोया पट्ट्याच्या लांबीत मोजता ४१ मीटरच्या अंतराने आणि अखेरच्या बोयापासून बाहेरचे दार पुन्हा २७ मीटरवर, अशी ही रचना असते.

खुल्या गटातील पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर आणि महिलांसाठी ५५ किलोमीटर असतो. पस्तिशी ओलांडलेल्या पुरुषांच्या गटांतही ५५ ची मर्यादा आहे. ताशी ५८ किलोमीटर वेगाने हा पट्टा १६ सेकंदांत संपतो आणि एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास मिळतात जेमतेम अडीच सेकंद. तेवढ्या वेळात वळण पूर्ण करायचे, बोटीमागे उठणारी लाट ओलांडायची, स्कीची धार बदलायची आणि दुसऱ्या बाजूच्या वळणाची तयारी करायची.

लांबीचे टप्पे

दोरीची लांबी बोटीच्या मधोमध असलेल्या खांबापासून हँडलपर्यंत मोजतात. हँडलसह त्याला जोडलेला १.५ मीटरचा तुकडाही तीत धरलेला असतो. स्पर्धेतील पूर्ण लांबीची दोरी १८.२५ मीटरची. त्यानंतर १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५ आणि ९.७५ मीटर असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्यावर दोरीला एक लूप विणलेला असतो. पुढचा लूप खांबावर अडकवला, की दोरी तेवढी आखूड होते.

अमेरिकेत हीच मापे वेगळ्या भाषेत सांगितली जातात. तेथे मूळ दोरी ७५ फुटांची धरून तीतून किती फूट कमी केले ते बोलतात. त्यामुळे १८.२५ मीटरची दोरी ‘पंधरा ऑफ’, १६ मीटरची ‘बावीस ऑफ’, १४.२५ मीटरची ‘अठ्ठावीस ऑफ’, १३ मीटरची ‘बत्तीस ऑफ’ आणि १२ मीटरची ‘पस्तीस ऑफ’ ठरते. अमेरिकी प्रशिक्षकांची पुस्तके किंवा चित्रफिती पाहणाऱ्या नवख्याचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण या पद्धतीत आकडा वाढला की दोरी लहान होते.

टप्पे ओळखता यावेत म्हणून बहुतेक दोऱ्यांचे तुकडे वेगवेगळ्या रंगांत असतात. १८.२५ ला लाल, १६ ला नारिंगी, १४.२५ ला पिवळा, १३ ला हिरवा, १२ ला निळा आणि ११.२५ ला जांभळा. शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलेल्यांना हा क्रम वेगळा लक्षात ठेवावा लागणार नाही, त्यातून फक्त पारवा वगळायचा. पुढील टप्प्यांना पांढरा आणि गुलाबी असे रंग येतात.

या टप्प्यांमध्ये एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. पहिल्या कपातीत दोरी सव्वादोन मीटरने आखूड होते, दुसऱ्या कपातीत पावणेदोन मीटरने, मग सव्वा मीटर, एक मीटर, पाऊण मीटर आणि अखेरीस प्रत्येक वेळी अर्धा मीटर. कपात लहान होत जाते, पण कठीणपणा वाढतच जातो.

आखूड दोरी अवघड का?

याचे उत्तर भूमितीत आहे. दोरी पूर्ण ताणलेली असून हँडल बरोबर बोयाच्या रेषेवर आहे, असे क्षणभर गृहीत धरू. १८.२५ मीटरची दोरी अशा वेळी बोटीच्या मार्गाशी सुमारे ३९ अंशांचा कोन करते. १६ मीटरला हा कोन ४६ अंश, १४.२५ ला ५४, १३ ला ६२ आणि १२ मीटरला ७३ अंश होतो. ११.२५ मीटरला मात्र असा कोन काढताच येत नाही, कारण दोरी बोयाच्या अंतराहून पाव मीटरने लहान असते. ती बोटीला काटकोनात ताणली तरी हँडल बोयाच्या आतच राहणार.

आता या कोनांच्या जोडीला वेळ ठेवून पाहावी. लांब दोरीवर स्कीपटूला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाताना दोरीचा कोन सुमारे ७८ अंशांनी बदलावा लागतो. १२ मीटरच्या दोरीवर तो १४७ अंशांनी बदलावा लागतो. वेळ दोन्ही वेळा तीच, अडीच सेकंदांची. लांब साखळीचा झोपाळा संथपणे झुलतो आणि आखूड साखळीचा भरभर, हे आपण अंगणात पाहिलेले असते. येथेही तसेच घडते. दोरी आखूड झाली, की स्कीपटू बोटीमागे न राहता जवळजवळ बोटीच्या बरोबरीला येतो. तेथून दोरीची ओढ पुढे जाण्यास फारसे साहाय्य करत नाही. वळणाच्या टोकाशी वेग संपतो आणि दोरी सैल पडते. मग सैल दोरी एकदम ताणली गेली, की कमरेला आणि खांद्यांना हिसका बसतो.

यातून एक निष्कर्ष निघतो. लांब दोरीवर केलेली चूक निस्तरायला वेळ मिळतो, आखूड दोरीवर तीच चूक पुढच्या बोयाशी वसूल होते. दारात उशिरा शिरलेला स्कीपटू १८.२५ मीटरवर सहाही बोये पूर्ण करू शकतो. १३ मीटरवर तोच उशीर प्रत्येक वळणागणिक वाढत जाऊन तिसऱ्या किंवा चौथ्या बोयाशी फेरी संपते. फेरी चौथ्या बोयाशी सुटली म्हणून खेळाडू चौथ्या वळणाचा सराव करू लागतो. खरा दोष मात्र दारातच झालेला असतो.

आधी वेग की आधी दोरी?

स्पर्धेतील रूढ पद्धत सोपी आहे. फेरी पूर्ण केली, की कमाल मर्यादा येईपर्यंत बोटीचा वेग ताशी ३ किलोमीटरने वाढतो. मर्यादा आली, की वेग तोच राहून दोरी एक टप्पा आखूड होते. फेरी अपुरी राहिली, की स्पर्धकाचा डाव संपतो आणि ज्या दोरीवर जितके बोये घेतले ते त्याचे गुण ठरतात.

सरावात हाच क्रम पाळण्याचे बंधन नाही. ताशी ५५ किलोमीटर वेगाने १८.२५ मीटरवर अडखळणाऱ्या खेळाडूने सराव करताना वेग ४९ वर आणून १६ मीटरची दोरी घेतली, तर त्याचा दुहेरी लाभ होतो. ताशी ४९ किलोमीटरला दोन बोयांमध्ये सुमारे २.७ ऐवजी तीन सेकंद मिळतात. त्या वाढीव वेळेत आखूड दोरीची ओढ कशी असते, हे शरीराला शांतपणे समजते. पुढे वेग वाढवताना दोरीचे भय राहत नाही.

मात्र वेग उतरवण्याची एक बाजू विसरता कामा नये. संथ बोटीमागची लाट अधिक फुगीर असते. शिवाय अनेक बोटींमागे १६ मीटरच्या आसपास लाटेचा उंचवटा विशेष जाणवतो आणि १४.२५ किंवा १३ मीटरवर तो सौम्य होतो. १६ मीटरला लाट ओलांडताना गुडघे उसळत असतील, तर तो दोष संपूर्णपणे आपलाच आहे असे मानून निराश होण्याचे कारण नाही. त्या टप्प्यावर रेंगाळण्याऐवजी मंद वेगाने १४.२५ मीटरची चव घेऊन परत येणे अनेकदा हिताचे ठरते.

सरावाची दोरी निवडण्याचे निकष

प्रत्येक स्कीपटूच्या बाबतीत दोऱ्यांचे तीन गट पाडता येतात. ज्या दोरीवर फेरी जवळजवळ नेहमी पूर्ण होते, ती हुकमी दोरी. ज्या दोरीवर ती कधी होते, कधी हुकते, ती कामाची दोरी. ज्या दोरीवर दोन-तीन बोयांपलीकडे मजल जात नाही, ती कसोटीची दोरी. सरावाचे मुख्य पाणी हुकमी आणि कामाच्या दोरीवर खर्च व्हावे आणि कसोटीच्या दोरीला मोजकेच प्रयत्न मिळावेत, हा निवडीचा गाभा आहे.

‘हुकमी’ हा शब्द येथे काटेकोरपणे घ्यावा लागतो. कसेबसे सहा बोये घेतले म्हणजे दोरी हुकमी झाली, असे नव्हे. वारा समोरून असो वा पाठीमागून, पट्टा या टोकाकडून असो वा त्या टोकाकडून, त्या दोरीवर फेरी पूर्ण होते का? वळण घेताना दोरी ताणलेली राहते का? पाचव्या आणि सहाव्या बोयाशी श्वास आणि तोल दोन्ही शाबूत असतात का? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तरच एक टप्पा पुढे सरकावे.

आणखी एक व्यावहारिक निकष असा, की एखाद्या दोरीवर लागोपाठ दोन फेऱ्या एकाच जागी, एकाच कारणाने हुकल्या, तर तिसरी फेरी त्याच दोरीवर मारू नये. दोरी एक टप्पा सोडावी, तो दोष लांब दोरीवर दुरुस्त करावा आणि मग परत यावे. नेटमध्ये उसळत्या चेंडूवर वारंवार बाद होणाऱ्या फलंदाजाला प्रशिक्षक चेंडूचा वेग कमी करून तोच फटका खेळायला लावतात. त्यामागचा विचार आणि हा विचार एकच आहे.

प्रत्येक स्कीपटूची एक बाजू सोपी आणि एक अवघड असते. कोणता पाय पुढे आहे, यावर ते ठरते. सहा बोयांपैकी तीन वळणे सोप्या बाजूला येतात आणि तीन अवघड बाजूला. दोरी निवडताना मोजमाप नेहमी अवघड बाजूने घ्यावे. सोप्या बाजूची तीन वळणे १३ मीटरला साजेशी आणि अवघड बाजूची १६ मीटरला साजेशी असतील, तर त्या खेळाडूची कामाची दोरी १३ मीटरची नाही.

सेटची बांधणी

सेट म्हणजे एका दमात, एकाच स्कीपटूने बोटीमागे घालवलेला अवधी. साधारणपणे त्यात सहा ते आठ फेऱ्या असतात. फेरी संपली, की स्कीपटू पट्ट्याच्या टोकाशी थांबतो, बोट वळते, पाणी निवळते आणि पुढची फेरी उलट दिशेने सुरू होते. सहा फेऱ्यांच्या सेटमध्ये ताशी ५८ किलोमीटर वेगाने पट्ट्यातील प्रत्यक्ष वेळ भरतो अवघा ९६ सेकंद. बोयांची संख्या होते ३६. इतक्या अल्प वेळेसाठी बोट, इंधन, चालक आणि निवांत पाणी यांची जुळवाजुळव करावी लागते. त्यामुळे प्रत्येक फेरीचे प्रयोजन पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरलेले असावे.

उदाहरणार्थ, ताशी ५५ किलोमीटर वेगाने १४.२५ मीटर बहुतेक वेळा पूर्ण करणाऱ्या आणि १३ मीटरवर तीन बोयांपर्यंत जाणाऱ्या खेळाडूचा सेट पुढीलप्रमाणे बांधता येईल. पहिली फेरी १६ मीटरची. ती केवळ अंग मोकळे करण्यासाठी नसून, दारात शिरण्याची वेळ जुळली आहे की नाही हे तपासण्यासाठी असते. दुसरी आणि तिसरी फेरी १४.२५ मीटरची, त्या दिवशी ठरवलेल्या एकाच सुधारणेवर लक्ष ठेवून. चौथी फेरी १३ मीटरची. ती चांगली गेली, तर पाचवीही १३ मीटरची. घाईगर्दीत हुकली, तर पाचवी पुन्हा १४.२५ मीटरची. सहावी फेरी कोणत्याही परिस्थितीत १४.२५ किंवा १६ मीटरची आणि ती नीटस पूर्ण केलेली असावी. अखेरची फेरी शरीराच्या स्मरणात राहते. ती पडझडीची असेल, तर पुढच्या सेटची सुरुवात संशयाने होते.

नवशिक्याच्या सेटमध्ये दोरी बदलण्याचे कारणच नसते. १८.२५ मीटरची दोरी, ताशी ४० किंवा ४३ किलोमीटर वेग आणि बोये नेहमीपेक्षा आतल्या बाजूला ठेवलेला छोटा पट्टा, हे त्याचे साहित्य. चार ते सहा फेऱ्या पुरेशा होतात. पहिल्या दोन फेऱ्या बोयांकडे लक्ष न देता केवळ लाट ओलांडण्याच्या लयीसाठी ठेवाव्यात. बोया दिसला, की माणूस त्याच्याकडे धाव घेतो आणि तंत्र विसरतो. अनुभवी खेळाडूंनीही अधूनमधून पट्ट्याबाहेर, मोकळ्या पाण्यात सेट मारण्याचा प्रघात ठेवला आहे, तो याच कारणासाठी.

एका सेटमध्ये एकच सुधारणा, हा नियम सहसा मोडू नये. दारात शिरण्याची वेळ, लाट ओलांडतानाची शरीराची ठेवण, वळणात हँडल सोडून हात लांबवण्याचा क्षण, यांपैकी एकच गोष्ट निवडावी. बोटीतील सहकाऱ्याने फेरी संपल्यावर तेवढ्याच गोष्टीविषयी बोलावे. अडीच सेकंदांत दोन सूचना आठवणे कोणालाच शक्य नसते.

आठवड्याचे नियोजन

सगळे सेट एकाच साच्याचे असून चालत नाही. साधारणतः तीन प्रकारचे सेट आलटून पालटून घ्यावेत. पहिला तंत्राचा सेट. यात हुकमी दोरीवरच राहायचे, गुण मोजायचे नाहीत. दुसरा दमाचा सेट. यात कामाच्या दोरीवर फेऱ्यांची संख्या वाढवायची आणि दोन फेऱ्यांमधली विश्रांती आवरती घ्यायची. तिसरा स्पर्धेचा सेट. यात स्पर्धेचे नियम तंतोतंत पाळायचे. ठरवलेल्या दोरीवर सुरुवात करायची, प्रत्येक पूर्ण फेरीनंतर दोरी एक टप्पा आखूड करायची आणि पहिली चूक होताच सेट थांबवायचा. दुसरी संधी नाही.

या तिसऱ्या प्रकाराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सरावात फेरी हुकली, की लगेच पुन्हा मारता येते आणि तिची सवय लागते. स्पर्धेत पहिलीच फेरी हुकली तर घरी परतावे लागते. सुरुवातीची दोरी कोणती घ्यावी, हा स्पर्धेतील डावपेचाचा भाग असतो. फार लांब दोरीने सुरुवात केली, तर दम फुकट खर्च होतो आणि निर्णायक फेरीपर्यंत मनगटे थकतात. फार आखूड दोरीने सुरुवात केली, तर एका चुकीत सारे संपते. हा निर्णय स्पर्धेच्या सकाळी अंदाजाने घेण्याऐवजी आधीच्या काही आठवड्यांतील स्पर्धेच्या सेटवरून घ्यावा.

एका दिवसात दोन सेट आणि त्यांच्यामध्ये काही तासांची विश्रांती, हे हौशी खेळाडूला पुरेसे आहे. थकव्याची पहिली खूण पायांत नव्हे, तर मुठीत दिसते. हँडलवरची पकड सुटू लागली, की सेट संपवावा, मग ठरवलेल्या फेऱ्या शिल्लक असल्या तरी हरकत नाही.

बोटीच्या बाबतीतही सातत्य हवे. आजच्या स्पर्धांमध्ये बोटीचा वेग उपग्रहाच्या आधारे चालणाऱ्या ‘झिरो ऑफ’ या यंत्रणेने सांभाळला जातो. स्कीपटूने दोरी ओढली, की इंजिनाने किती लवकर आणि किती जोरात प्रतिसाद द्यायचा, हे तीत निवडता येते. दोरी, वेग आणि ही निवड, तिन्ही एकाच दिवशी बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली, हे कधीच कळणार नाही.

दोरीची निगा आणि सुरक्षितता

दोरी हे या खेळातील मोजमापाचे साधनही आहे. नवी दोरी वापराने काहीशी ताणली जाते. १८.२५ मीटरला पाव मीटरचा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. ११.२५ मीटरला मात्र तेवढा फरक म्हणजे पुढच्या टप्प्याचे निम्मे अंतर. आपण जांभळ्या लूपवर पोहोचलो, या आनंदात असलेला खेळाडू प्रत्यक्षात साडेअकरा मीटरवर खेळत असू शकतो. म्हणून दोरी अधूनमधून ताण देऊन मोजून पाहावी. उन्हाने तंतू कमजोर होतात, तेव्हा ती सावलीत, गुंडाळून ठेवावी. तंतू विस्कटलेली किंवा गाठ बसलेली दोरी निकालात काढावी. ताणाखाली तुटलेली दोरी चाबकासारखी उलटते.

लूप बदलण्याचे काम बोटीतील सहकाऱ्याचे. ते दोरी सैल असताना आणि स्कीपटू पाण्यात स्थिर असतानाच करावे. लूपमध्ये बोटे घालून दोरी ओढू नये. नवा टप्पा मोठ्याने सांगावा आणि स्कीपटूकडून होकार मिळाल्याखेरीज बोट हलवू नये. चुकीच्या लूपवर सुरू झालेली फेरी केवळ वाया जात नाही, धोक्याचीही ठरते.

आवाक्याबाहेरच्या दोरीचा सर्वांत मोठा धोका दुखापतीचा आहे. सैल दोरी एकाएकी ताणली गेल्याने पुढच्या बाजूला फेकले जाणे, हा या खेळातील ओळखीचा अपघात. त्यात मांडीच्या मागच्या स्नायूला किंवा घोट्याला इजा होते. हँडल आणि दोरी यांच्यातील त्रिकोणात हात अडकणे त्याहून गंभीर. ते टाळण्यासाठी त्या जागी जाळी बसवलेली हँडले मिळतात, ती वापरावीत. मात्र सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फेरी बिघडली आहे हे उमगताच हँडल सोडून देणे. एका बोयाच्या मोहापायी सबंध हंगाम गमावलेले खेळाडू प्रत्येक सरोवरावर भेटतात.

आखूड दोरीमागची लांब वाट

अमेरिकेच्या नेट स्मिथने २०१३ मध्ये ९.७५ मीटरच्या दोरीवर अडीच बोयांचा विश्वविक्रम नोंदवला. त्याच्याच देशाच्या रेजिना जॅक्वेसने महिलांचे विक्रम १०.२५ मीटरच्या दोरीवर नेऊन ठेवले. हे आकडे ऐकणाऱ्याला त्या अखेरच्या, अपुऱ्या फेरीचेच कौतुक वाटते. पण त्या फेरीपर्यंत पोहोचण्यासाठी त्याच डावात आधीची प्रत्येक फेरी निर्दोष पूर्ण करावी लागते, हे त्या आकड्यामागचे खरे कर्तृत्व आहे. लांब दोऱ्यांवरील फेऱ्या इतक्या हुकमी झालेल्या असतात, की त्यांत श्वासही वाया जात नाही.

सामान्य खेळाडूने यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. प्रत्येक सेटनंतर एका वहीत तारीख, वारा, वेग, दोरी, पूर्ण झालेले बोये आणि त्या दिवसाची एक सुधारणा, इतकेच लिहून ठेवावे. हंगामाच्या अखेरीस ती वही उघडावी. सर्वांत आखूड दोरीवर एकदा किती बोये मिळाले, हे पाहण्यापूर्वी १६ किंवा १४.२५ मीटरवर हुकलेल्या फेऱ्यांची संख्या गेल्या वर्षीपेक्षा किती घटली, हे पाहावे. ती घटली असेल, तर पुढचा लूप खांबावर चढवण्याची वेळ आली आहे. घटली नसेल, तर अजून काही काळ तीच दोरी बरी.